लेस्ली विल्सन: सैनिक, मुख्य प्रतोद, मुंबईचा गव्हर्नर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

भंडारदऱ्याला गेलं की ‘विल्सन डॅम’ची पाटी दिसते. महाबळेश्वरला पहाटे कानटोपी घालून ज्या टेकाडावर सूर्योदय बघायला जातो, तो ‘विल्सन पॉइंट’. मुंबईत चौपाटीसमोर विल्सन कॉलेज आहेच. मग हा विल्सन कोण, असे प्रश्न साहजिकच येतात. त्यांतले नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

धरण, पॉइंट आणि कॉलेज, तिन्हींचा विल्सन एकच का?

नाही. धरण आणि पॉइंट लेस्ली विल्सनचे, जो १९२३ ते १९२८ मुंबईचा गव्हर्नर होता; कॉलेज दुसऱ्याचं. कॉलेजचे डॉ. जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी. त्यांनी १८३२ मध्ये शाळा काढली, पुढे तिचं कॉलेज झालं. ते डिसेंबर १८७५ मध्ये मुंबईत वारले. आपला लेस्ली ऑर्म विल्सन १ ऑगस्ट १८७६ रोजी लंडनला जन्मला. म्हणजे एक गेल्यावर दुसरा आला. दोघांचं नातंगोतं काही नाही, आडनाव तेवढं सारखं.

तो सैनिक होता म्हणतात. नेमका कुठल्या सैन्यात?

रॉयल मरीन्समध्ये, म्हणजे आरमाराच्या ताब्यातलं पायदळ. वडील शेअर दलाल होते, शिक्षण लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत झालं. १८९५ मध्ये तो सेकंड लेफ्टनंट झाला आणि बोअर युद्धात दक्षिण आफ्रिकेला गेला. तिथे जखमी झाला आणि डीएसओ हे शौर्यपदक मिळवून परतला. वय तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर.

नंतरची काही वर्षं ऑस्ट्रेलियात गेली. न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर सर हॅरी रॉसन यांचा तो एडीसी होता. गव्हर्नरच्या मागे दोन पावलं उभं राहायचं, पाहुण्यांची नावं लक्षात ठेवायची, मेजवानीत कुणाला कुणाशेजारी बसवायचं ते ठरवायचं, असं हे काम. सरकारवाडा आतून कसा चालतो हे त्याला इथे कळलं. १९०९ मध्ये सिडनीच्याच विनिफ्रेड स्मिथशी त्याचं लग्न झालं. ही सासुरवाड पुढे कामाला आली, ते शेवटी येईलच.

पहिल्या महायुद्धात तो खासदार होता की सैनिक?

दोन्ही, एकाच वेळी. १९१३ पासून तो खासदार होता. युद्ध पेटल्यावर रॉयल नेव्हल डिव्हिजनमधली ‘हॉक’ बटालियन त्याच्या हाताखाली आली. हा प्रकार मोठा गमतीचा होता. आरमाराकडे जहाजांवर मावतील त्यापेक्षा जास्त माणसं होती, म्हणून त्यांना बंदुका देऊन जमिनीवर लढायला पाठवलं. बटालियनना नावं दिली ती जुन्या दर्यावर्दी सरदारांची: हॉक, ड्रेक, नेल्सन, हूड. खंदकातल्या चिखलातही हे गडी जहाजावरची भाषा सोडत नसत. तळ सोडून जायचं तर ‘किनाऱ्यावर जाण्याची परवानगी’ मागत आणि परवानगीने दाढ्या राखत. पायदळाच्या सेनापतींचं यावरून डोकं फिरायचं.

विल्सन हॉकला घेऊन १९१५ मध्ये तुर्कस्तानात गॅलिपोलीला गेला, नंतर फ्रान्सला. नोव्हेंबर १९१६ मध्ये सोमच्या मोहिमेतली शेवटची मोठी लढाई आंक्र नदीकाठी झाली. त्यात तो गंभीर जखमी झाला आणि त्याची रणांगणावरची कारकीर्द तिथेच आटोपली.

राजकारणात कसा शिरला?

१९१० साली निवडणुकीत अपयश आलं. मग नोव्हेंबर १९१३ मध्ये रेडिंग मतदारसंघात पोटनिवडणूक लागली आणि तो हुजूर पक्षातर्फे निवडून आला. ही जागा रिकामी कशी झाली ते बघा. तिथले उदारमतवादी खासदार रुफस आयझॅक्स इंग्लंडचे सरन्यायाधीश झाले म्हणून. हेच आयझॅक्स पुढे लॉर्ड रेडिंग म्हणून हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले. म्हणजे १९२३ च्या अखेरीस विल्सन मुंबईला उतरला, तेव्हा दिल्लीतला त्याचा वरिष्ठ होता तो ज्याच्या खुर्चीत बसून याने राजकारण सुरू केलं तोच माणूस, तोही विरोधी पक्षातला. कादंबरीत घातलं असतं तर ओढूनताणून आणलंय म्हणून आपण नाक मुरडलं असतं.

‘मुख्य प्रतोद’ म्हणून त्याने काय केलं?

विल्सन कळायचा असेल तर हा प्रश्न सोडून पुढे जाऊ नका.

युद्धानंतर जहाजवाहतूक खात्यात संसदीय सचिव म्हणून काम केल्यावर १९२१ मध्ये तो हुजूर पक्षाचा मुख्य प्रतोद झाला. प्रतोदाचं काम भाषणं ठोकण्याचं नाही, डोकी मोजण्याचं. कोण नाराज आहे, कुणाला काय हवंय, उद्या मत पडलं तर किती आपल्याकडे आणि किती पलीकडे, हे त्याला पाठ असावं लागतं. आणि एक अलिखित नियम: प्रतोद जाहीरपणे नेत्याच्या विरोधात बोलत नाही.

तेव्हा लॉइड जॉर्ज पंतप्रधान होते. स्वतः उदारमतवादी, पण सरकार चालायचं हुजूर पक्षाच्या खासदारांच्या जिवावर. हुजूर पक्षाचे नेते ऑस्टिन चेंबरलेन यांना ही आघाडी पुढच्या निवडणुकीतही टिकवायची होती. मतदारसंघांतून मात्र वेगळाच सूर येत होता. विल्सनने चेंबरलेनना आधी खाजगीत सांगून पाहिलं, की पक्ष तुमच्यामागे राहणार नाही. ते ऐकेनात.

१९ ऑक्टोबर १९२२ ला लंडनच्या कार्ल्टन क्लबमध्ये पक्षाच्या खासदारांची बैठक भरली. बॉनर लॉ आणि बाल्डविन आघाडीच्या विरोधात बोलले, हे इतिहासात सगळे सांगतात. पण मुख्य प्रतोद उठला आणि त्यानेही आपल्या नेत्याच्या विरोधात कौल दिला, हे कमी सांगितलं जातं. ज्याच्याकडे मतांची वही आहे तोच उलटा बोलला म्हटल्यावर काठावरच्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. दुपटीहून अधिक मतांनी आघाडी मोडली, लॉइड जॉर्जनी त्याच दिवशी राजीनामा दिला आणि बॉनर लॉ पंतप्रधान झाले.

याला कुणी निष्ठेचा भंग म्हणेल. मला तो हिशेब वाटतो. हरलेली बाजू वेळेत ओळखायची आणि पराभव अंगावर यायच्या आत जागा बदलायची, ही त्याची खरी हातोटी होती. मुंबईत ती दोनदा तरी दिसते.

मात्र स्वतःचा हिशेब त्याला जमला नाही. नोव्हेंबर १९२२ च्या निवडणुकीत देशभर त्याचा पक्ष जिंकला आणि मुख्य प्रतोद स्वतः वेस्टमिन्स्टरच्या सेंट जॉर्जेस मतदारसंघात एका अपक्ष हुजुरपंथीयाकडून आपटला! मग पोर्ट्समथ साउथच्या खासदाराने त्याच्यासाठी जागा खाली केली आणि डिसेंबरात तो पुन्हा संसदेत आला. १९२३ मध्ये मुंबईची नेमणूक मिळाली तेव्हा त्याच जुन्या खासदाराने ती जागा परत घेतली. जागा राखून ठेवण्याची ही पद्धत आपल्याकडेही अगदीच अपरिचित नाही.

आयसीएस (सनदी सेवेतले) अधिकारी सोडून लंडनचा राजकारणी गव्हर्नर का नेमत?

मुंबई, मद्रास आणि बंगाल या तीन जुन्या इलाख्यांचा मान वेगळा होता. तिथले गव्हर्नर बहुधा विलायतेतल्या सार्वजनिक जीवनातून येत. पंजाब, संयुक्त प्रांत वगैरे ठिकाणी आयसीएसमधून वर चढलेले अधिकारी. १९१९ च्या सुधारणांनंतर तर राजकारण्याची गरज वाढलीच. कायदेमंडळात निवडून आलेले लोक बसले होते, काही खाती त्यांच्या मंत्र्यांकडे होती, आणि पैसा व पोलीस मात्र गव्हर्नरच्या मुठीत. हे त्रांगडं सांभाळायला फाइलबहाद्दरापेक्षा सभागृह हाताळलेला माणूस बरा, असा विचार होता. विल्सनच्या आधीचा जॉर्ज लॉइड (पंतप्रधान लॉइड जॉर्ज वेगळे) आणि नंतरचा फ्रेडरिक साइक्स हे दोघेही गणवेशातून संसदेत आणि संसदेतून मुंबईत आलेले.

त्याच्या हाताखाली केवढा मुलूख होता?

आजचं पश्चिम महाराष्ट्र, खानदेश, कोकण. गुजरातचे ब्रिटिश जिल्हे. धारवाड, बेळगाव, विजापूर, कारवारचा पट्टा. आणि आख्खा सिंध. कराचीतली एक जुनी वसतिगृहाची इमारत त्याच्या नावाची होती, ती यामुळेच. पावसाळ्यात मुक्काम पुण्याला गणेशखिंडीत (आजची विद्यापीठाची मुख्य इमारत), उन्हाळ्यात महाबळेश्वर, एरवी मलबार पॉइंट. महाबळेश्वरच्या सर्वात उंच टेकडीला, जुन्या सिंदोळ्याला, त्याचं नाव पडलं ते या मुक्कामांच्या काळातलं. उंची १४३९ मीटर.

सावरकर आणि गांधीजी त्याच्याच काळात सुटले का?

हो, दोघेही, आणि तो येऊन दोन महिने व्हायच्या आत.

सावरकरांची ६ जानेवारी १९२४ ला येरवड्यातून सशर्त सुटका झाली. रत्नागिरी जिल्ह्याबाहेर परवानगीशिवाय जायचं नाही आणि राजकारणात भाग घ्यायचा नाही, अशा अटी होत्या, आधी पाच वर्षांसाठी. त्या वाढत वाढत १९३७ पर्यंत गेल्या. या सुटकेची बोलणी लॉइडच्या काळातच सुरू झाली होती, त्यामुळे श्रेय किंवा दोष एकट्या विल्सनच्या पदरात घालणं बरोबर नाही.

गांधीजींचं प्रकरण मात्र अचानक उद्भवलं. १९२२ मध्ये अहमदाबादला न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी त्यांना सहा वर्षांची शिक्षा दिली होती आणि ते येरवड्याला होते. जानेवारी १९२४ मध्ये आंत्रपुच्छाचा (अपेंडिक्सचा) त्रास बळावला. १२ तारखेच्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया करायचं ठरवलं. बाहेर वादळ, त्यात ऐन वेळी वीज गेली. बॅटरीवर भागवलं, तीही विझली, आणि शेवटी कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया उरकली. त्या खोलीत काही बिनसलं असतं तर मुंबई सरकारचं आणि महिनाभरापूर्वी आलेल्या गव्हर्नरचं काय झालं असतं, याची कल्पना करून बघा. शस्त्रक्रियेआधी गांधीजींनी डॉक्टरांवर विश्वास व्यक्त करणाऱ्या निवेदनावर सही केली होती, ती उगीच नाही. ५ फेब्रुवारीला त्यांना बिनशर्त सोडण्यात आलं.

पहिली विजेची गाडी त्याने सुरू केली, हे खरं का?

उद्घाटन त्याने केलं. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटीहून हार्बर मार्गाने कुर्ल्यापर्यंत देशातली पहिली विजेवर चालणारी गाडी धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. गेटवे ऑफ इंडियाचं उद्घाटनही त्याच्याच कारकिर्दीतलं, ४ डिसेंबर १९२४ चं, पण ते व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग यांच्या हातून.

खरं सांगायचं तर विल्सनच्या नावावर असलेली बहुतेक कामं आधीच्यांनी सुरू केलेली आहेत. तो आला आणि फीत कापली.

मग भंडारदऱ्याच्या धरणाला त्याचं नाव कसं?

याच रीतीने. प्रवरेवरच्या या धरणाचं काम १९१० मध्ये सुरू झालं, पुरं व्हायला १९२६ उजाडलं. मध्ये महायुद्ध गेलं, चार-दोन गव्हर्नर बदलले. १० डिसेंबर १९२६ ला उद्घाटनाला जो गव्हर्नर होता त्याचं नाव लागलं. जलाशयाला ‘आर्थर लेक’ म्हणतात ते अभियंता आर्थर हिल यांच्यावरून. माझ्या मते तेच नाव जास्त न्याय्य आहे.

धरण दगडी आहे, ८२ मीटर उंच, त्या काळी देशातल्या मोठ्या धरणांत गणलं जाणारं. साठा साधारण ११ टीएमसी. १९६९ मध्ये भिंतीला तडे जाऊन पाणी झिरपू लागलं, तेव्हा मागून आधारभिंती बांधून ती बळकट केली. भिंतीतल्या दारातून पाणी सोडलं की खालच्या गोल कातळावर ते चारी बाजूंनी पसरून पडतं. हाच तो अम्ब्रेला फॉल.

धरणाच्या पाण्याने बदल घडवला तो मात्र शंभरेक किलोमीटर खाली. अकोले तालुक्याच्या डोंगरात पाऊस मुबलक, आणि प्रवरेच्या खालच्या अंगाला राहाता, श्रीरामपूर, राहुरी भागात दुष्काळ. कालवे निघाले, ऊस आला, साखर कारखाने आले. १९५० च्या सुमारास लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो याच पाण्यावर. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या ते वरचे आदिवासी शेतकरी आणि ज्यांना पाणी मिळालं ते खालचे बागायतदार, ही दरी आजही अकोले तालुक्यात पाण्याचा विषय निघाला की ऐकू येते. ‘धरण आमच्या उशाला अन् कोरड आमच्या घशाला’ हे तिथे म्हण म्हणून नाही, तक्रार म्हणून म्हणतात.

पुण्याच्या शिवस्मारकाशी त्याचा काय संबंध?

श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला नानासाहेब करमरकरांनी घडवलेला भव्य अश्वारूढ पुतळा त्याच्या हस्ते जून १९२८ मध्ये उघडला गेला. स्मारकाची कल्पना शाहू महाराजांची आणि पायाभरणी १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सची. स्वराज्याच्या संस्थापकाचं अनावरण इंग्रज गव्हर्नरकडून व्हावं, यावर तेव्हाही लोक बोलतच होते. आणि तारीख बघा: त्याच जूनमध्ये गुजरातेत बारडोलीचे शेतकरी त्याच्या सरकारला सारा देत नव्हते.

बारडोलीत नेमकं काय झालं?

सुरत जिल्ह्यातल्या या तालुक्यात शेतसाऱ्याची फेरआकारणी झाली. आधी ३० टक्के वाढ सुचवली गेली, सरकारने ती २२ टक्क्यांवर आणली. शेतकऱ्यांचं म्हणणं, चौकशी निष्पक्ष करा, मग बघू. फेब्रुवारी १९२८ मध्ये वल्लभभाई पटेलांनी १३७ गावांचा सत्याग्रह उभा केला. सरकारने जप्त्या काढल्या, पठाण आणले, जमिनींचे लिलाव पुकारले. जप्तीवाले गुरं ओढून नेतात म्हणून लोकांनी माणसं-म्हशी एकाच घरात कोंडून दारं लावली. दिवस दिवस अंधारात राहून म्हशींचा रंग उडाला, त्या मडमेसारख्या गोऱ्या झाल्या, अशी थट्टा खुद्द वल्लभभाई सभांतून करत.

विल्सन आधी ताठर होता. कायदेमंडळातले सदस्य राजीनामे देऊ लागले, कन्हैयालाल मुनशींसारख्यांनी पत्रं लिहिली, तरी सरकार हलेना. जुलैत तो सिमल्याला जाऊन व्हाइसरॉय आयर्विनना भेटला, परत येताना १८ जुलैला सुरतेला वल्लभभाईंशी बोलला. बोलणी फिसकटली. २३ तारखेला कायदेमंडळात त्याने कडक भाषण केलं. बादशहाचा हुकूम राज्याच्या एका भागात चालणार की नाही, असा त्याचा रोख होता. सोबत मुदतही दिली. वाचणाऱ्याला वाटावं, आता लष्कर निघणार.

आणि दोनच आठवड्यांत, ६ ऑगस्टला, तडजोड झाली. वाढीव रक्कम एका तिऱ्हाइताने भरायची, चौकशी नेमायची, जमिनी परत, कैदी मुक्त, पाटील-तलाठी पुन्हा कामावर. भाषण गर्जनेचं आणि मागच्या दाराने माघार. याला शिस्तीत केलेली माघार म्हणतात, आणि गॅलिपोलीहून तशीच माघार घेतलेल्यांना ती चांगली येत होती. चौकशीला दोन अधिकारी बसले, मॅक्सवेल आणि ब्रूमफील्ड. हो, गांधीजींना शिक्षा देणारेच ब्रूमफील्ड. त्यांनी शेतकऱ्यांचं म्हणणं बव्हंशी खरं धरलं आणि वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आणली. वल्लभभाई ‘सरदार’ झाले ते या लढ्यात.

मग मुळशीला हेच का घडलं नाही?

हा प्रश्न मावळातले लोक विचारतात, आणि रास्त विचारतात. टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशी पेट्याच्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला तो १९२१ मध्ये, लॉइडच्या काळात. विल्सन आला तोवर लढा दमला होता. सेनापती बापटांना १९२४ च्या अखेरीस रेल्वे अडवल्याबद्दल पकडून सात वर्षांची शिक्षा झाली आणि धरण झालं.

बारडोलीत सरकारला हवा होता पैसा, आणि पैशात घासाघीस होते. मुळशीत हवी होती जमीनच, तीही वीज देणाऱ्या कंपनीसाठी, आणि मुंबईच्या गिरण्यांना ती वीज पाहिजे होती. शिवाय बारडोलीमागे सुरत-मुंबईचे गुजराती व्यापारी, कायदेमंडळातले सदस्य, सगळं बळ एकवटलं होतं. मुळशीत मोबदला घ्यावा की नाही यावरच फूट होती. प्रतोदाच्या वहीत मावळ्यांच्या बाजूला मतंच नव्हती.

बॅकबेचा घोटाळा त्याचा का?

घोटाळा लॉइडचा, निस्तरला विल्सनने. मुंबईच्या बॅकबेत समुद्र हटवून ११४५ एकर जमीन काढायची ही योजना. पण भिंतीतून गाळ निसटून परत समुद्रात जायचा आणि खर्च वाढत चालला. वीर नरिमन यांनी सभागृहात आणि वर्तमानपत्रांत इतकं झोडपलं की १९२६ मध्ये चौकशी समिती आली. एका अधिकाऱ्याने नरिमनवर बदनामीचा खटला भरला, त्यात नरिमन निर्दोष सुटले. योजना छाटली गेली, सुमारे ४४० एकरांवर भागवलं. इथेही पूर्वसुरींच्या हट्टाला तो चिकटून बसला नाही. आजचा मरीन ड्राइव्ह त्याच भरावाच्या कडेने गेला आहे.

गिरणी कामगार, आंबेडकर, सायमन कमिशन यांच्याबाबत?

थोडक्यात: १९२४, १९२५ आणि १९२८ असे तीन मोठे गिरणी संप त्याच्या काळात झाले. १९२५ चा संप साडेअकरा टक्के पगारकपातीवरून होता, आणि दिल्लीने कापडावरचा अबकारी कर स्थगित केल्यावर मिटला. डॉ. आंबेडकर १९२६ च्या अखेरीस मुंबई कायदेमंडळात नियुक्त सदस्य झाले, महाडचा सत्याग्रह मार्च १९२७ चा. सायमन कमिशन ३ फेब्रुवारी १९२८ ला मुंबईच्याच बंदरात काळ्या निशाणांत उतरलं. जानेवारी १९२५ मधला मलबार हिलवरचा बावला या व्यापाऱ्याचा खून, ज्याच्यामुळे इंदूरच्या तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली, तोही त्याच्या बंगल्यापासून हाकेच्या अंतरावर घडला.

काही ठिकाणी त्याची कारकीर्द १९२३ ते १९२६ अशी लिहिलेली असते. बरोबर कोणतं?

१९२३ ते १९२८. १९२६ मध्ये सर हेन्री लॉरेन्स यांनी काही काळ हंगामी गव्हर्नर म्हणून काम पाहिलं, त्यावरून यादीत गोंधळ झाला आणि तो पुढे सगळीकडे उतरवला गेला. १९२६ मध्ये गेलेला माणूस १९२८ मध्ये वल्लभभाईंशी वाटाघाटी कशा करेल, एवढं बघितलं तरी पुरे.

मुंबईनंतर काय केलं?

१९३२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडचा गव्हर्नर झाला आणि तब्बल १९४६ पर्यंत राहिला. त्या राज्याच्या इतिहासातला सर्वात दीर्घ मुदतीचा गव्हर्नर. तो येऊन चार दिवस होतात तोच तिथे मजूर पक्षाचं सरकार आलं. विलायतेहून गव्हर्नर पाठवण्याच्या प्रथेवर हा पक्ष नाराज, आणि हा हुजूर पक्षाचा जुना मुख्य प्रतोद! पण मुख्यमंत्री फॉर्गन स्मिथ यांच्याशी त्याचं उत्तम जुळलं आणि मजूर सरकारंच त्याची मुदत वाढवून घेत राहिली. बायको ऑस्ट्रेलियन, तरुणपणी तिथे काढलेली वर्षं, याचा उपयोग झालाच. शिवाय तिथे गव्हर्नरला कारभार करायचा नव्हता. फिरायचं, भेटायचं, सह्या करायच्या. ब्रिस्बेनचा प्रसिद्ध स्टोरी ब्रिज ६ जुलै १९४० ला खुला झाला, फीत कापायला पुन्हा विल्सनच.

तिथेही त्याचं नाव एका संस्थेला लागलं, पण ती निघाली अल्पवयीन मुलांना डांबण्याची जागा. मुलांच्या छळाची चौकशी करणाऱ्या १९९९ च्या फोर्ड आयोगाच्या अहवालात तिचा उल्लेख आहे. यात त्याचा हात नाही. नाव द्यायचं ते बघून द्यावं, इतकंच.

तो २९ सप्टेंबर १९५५ रोजी इंग्लंडमध्ये सरे परगण्यात वारला.

तो चांगला गव्हर्नर होता की वाईट?

लॉइडसारखा अहंकारी नव्हता आणि त्याच्यासारखी भव्य स्वप्नंही त्याला पडत नसत. बारडोलीत त्याने गोळ्या घातल्या नाहीत, हे खरं. पण सहा महिने जप्त्या, लिलाव आणि पठाण चालवले, तेही त्याच्याच सरकारने. पलीकडे बळ आहे असं दिसलं की तो वाकायचा. बळ नसलेल्यांच्या वाट्याला कायदा यायचा. वसाहतीच्या राज्यात यालाच समंजस गव्हर्नर म्हणत.

या जागा बघायला कधी जावं?

भंडारदऱ्याला घोटीमार्गे. पावसाळा संपताना धरण भरलेलं असतं. अम्ब्रेला फॉल मात्र पाणी सोडलं असेल तरच दिसतो, त्यामुळे निघण्यापूर्वी तिथल्या हॉटेलवाल्याला फोन करून विचारा. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर सोडू नका. विल्सन पॉइंटला गाडी थेट वर जाते, सूर्योदयाच्या अर्धा तास आधी पोचलं नाही तर पार्किंग मिळत नाही. पुण्याचा शिवपुतळा शाळेच्या आवारात आहे, आत जायला फाटकावर परवानगी विचारावी लागते.